पोटकलम ब

फुजैरात मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
मी व्हिनाइल कापतो.
मनाई कापतो म्हणा हवं तर.
दिवसाला सात-आठ सहज होतात:
गाडी लावू नये, टेकू नये,
मुलांनी कारंज्यात उतरू नये.
त्या कारंज्याला दोन वर्षं पाणी नाही.

एका गुरुवारी बागेचा सुपरवायझर आला,
कुंजुमोन, घाईत, कानाला फोन.
बाकांवर लोक झोपतात, बोर्ड पाहिजे.
इंग्रजी आणि अरबी. लाल.
मी विचारलं, कुणाच्या हुकुमावरून लिहू?
हुकुमावरून, एवढंच लिही.
आणि कलम?
त्यानं फोनवर हात ठेवला.
कायदा कुठला रे, झोपू नका म्हणजे झोपू नका.
पण कलम दिसलं की लोक उठतात. टाक एखादं.

मी टाकलं चौदा.
चौदा नंबरच्या खोलीत आम्ही राहतो, सहाजण,
आणि ब म्हणजे खिडकीकडचा खालचा बंक, माझा.
कलम १४, पोटकलम ब.
चिकटवून झाल्यावर मलाच जरा दरारा वाटला.

अरबी मला येत नाही.
अक्षरं नुसती उचलतो, पडवळाच्या वेलासारखी,
टिंबं सुटी असतात, ती चिमट्यानं लावायची.
पंख्याच्या वाऱ्यानं एक उडालं.
टेबलाखाली पाहिलं, चपलेच्या तळाला पाहिलं.
शेजारच्या कपच्यात दोन पडली होती, जोडीनं.
वर दाटी होती, खाली लावून टाकली.
टिंबानं काय बिघडतंय,
असं म्हणालो मी,
अनुस्वारापायी चौथीत छड्या खाल्लेला माणूस.

जुलैत खोलीचा एसी गेला.
कंपनी म्हणाली, उद्या माणूस येतो.
तिसऱ्या रात्री चौदामधून ब बाहेर पडला
आणि बागेत जाऊन बाकावर आडवा झाला.

टॉर्च आला. टॉर्चमागे टेकबहादुर,
हातात काठी नाही, आवाजही मोठा नाही.
उजेड बोर्डावर टाकला, मग माझ्यावर, मग परत बोर्डावर.
लिखा है भाई, कलम चौदा.
मला ठाऊक होतं त्या आकड्यात काय आहे:
सहा गाद्या, एक बादली, मोज्यांचा वास.
तरी उठलो.
आधी पाय उठले, मग मी.

पलीकडच्या बाकावर हमद, जाळी विणणारे म्हातारे,
बोटांत जपमाळ.
त्यांनी बोर्ड मोठ्यानं वाचला. पुन्हा वाचला.
आणि हसू लागले, दात नसलेलं हसू.
त्यांच्या त्या जुन्या, गलबतावरच्या हिंदीत म्हणाले,
सोना किधर लिखा है?
इधर लिखा है, आज मना है. बस. आज.

वर एक टिंब असतं तर झोप.
खाली दोन, म्हणून आज.

शृंगारतळीच्या किराणा दुकानात पाटी होती,
आज रोख उद्या उधार.
सहावीत असताना मी दुसऱ्या दिवशी खरंच गेलो होतो
पाव किलो गुळासाठी, पिशवी घेऊन.
दुकानदार रागावला नाही.
त्यानं फक्त पाटीकडे बोट केलं.

टेकबहादुर गोंधळला होता. त्याला ना अरबी येत ना इंग्रजी,
कलमाचा आकडा तेवढा कुंजुमोननं पाठ करून घेतलेला.
मग आता मी काय करू, म्हणाला.
घड्याळ बघ, हमद म्हणाले. बारा वाजू दे.
अकरा पन्नास झाले होते.
त्यानं टॉर्च विझवला, बाटलीतलं पाणी पुढे केलं,
आणि आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो.
बसायला मनाई नव्हती.
ती ऑर्डर अजून दुकानात आलेली नाही.